पोटखराब

सरांकडे ज्युनियर वकील म्हणून काम मागायला गेले, त्या दिवशी ते एका सात-बाऱ्यावर डोकं घालून बसले होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "पोटखराब किती?"

मी म्हणाले, "सकाळपासून चार वेळा, सर."

प्रश्न मला नव्हता. समोरच्या बाकावर बसलेल्या शेतकऱ्याला होता. जमिनीतला जो तुकडा खडकाचा किंवा ओहोळाचा, लागवडीला निरुपयोगी, त्याला सात-बाऱ्यावर पोटखराब म्हणतात, हे मी कायद्याच्या परीक्षेत व्यवस्थित लिहून आले होते. पण पनवेल कोर्टामागचा तो जिना चढताना माझं सगळं लक्ष आतड्यांकडे होतं, त्यामुळे शब्द कानावर पडला आणि खरं उत्तर तोंडातून निघून गेलं. शेतकऱ्यानं तोंडाला टॉवेल लावला. कोपऱ्यात टाइप करणारे कारकून काका उगाचच खोकले. मला वाटलं, आल्या पावली उतरावं आणि खारघरला घरी जाऊन दार लावून घ्यावं.

सर हसले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला नीट पाहून घेतलं.

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं झाली."

"रविवारी होतं?"

हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. मी आठवून पाहिलं. "रविवारी नाही."

"बस तिथे. यांचं आटोपलं की तुझं घेऊ."

तर त्या कार्यालयात मी आधी अशील म्हणून दाखल झाले आणि मग वकील म्हणून.

सर तेव्हा साठीला टेकले होते. खाडीकाठच्या एका आगरी गावातले, आणि गावातले पहिले वकील. कोर्टात त्यांची मराठी कडक इस्त्रीची असे. जिना चढून स्वतःच्या खुर्चीत बसले की हाय, नाय, आमी, तुमी सुरू. बुटके, गोल, चालताना दोन्ही हात मागे. पँटचा पट्टा कायम एक भोक सैल. एका तरुण वकिलानं त्यावरून चिडवलं तेव्हा त्याला म्हणाले, "तू आवळून बांध. पोटात हवा मावली नाय का ती डोक्यात जाते, ते दिसतंच हाय."

त्यांच्या कार्यालयात एसी नव्हता. भिंतींचा रंग उडालेला, पंखा तीनवर ठेवला की कागद उडायचे आणि दोनवर ठेवला की फिरायचाच नाही. संडास मात्र असा, की पाहुण्यांना दाखवायला न्यावा. पांढऱ्या टाइल्स, मोठी खिडकी, दाराला आतून भक्कम कडी, साबण, धुतलेला पंचा. पहिल्या मोठ्या दाव्याचं काम संपल्यावर त्यांनी सगळ्यात आधी तो बांधून घेतला होता. किल्ली दारातल्या खिळ्याला टांगलेली असे, आणि गावोगावच्या ज्या बाया तारखेला येत, त्यांना सर जिन्यावरूनच ओरडून सांगत, "वयनी, पानी प्या बिनधास्त! वर सोय हाय!" त्या बाया सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी पीत नसत, हे त्यांना माहीत होतं. विरुद्ध पक्षाच्या बायांनाही किल्ली मिळायची. कारकून काकांना हे पटत नसे. "उद्या उलटतपासणीला उभी राहणार आहे ती," ते कुरकुरत. सर म्हणत, "मग तर आधी जाऊन येऊ दे."

आता माझं सांगते, कारण ते लपवायचं वय गेलं.

कोर्टात दिवसभराच्या प्रकरणांची यादी लागते, तिला बोर्ड म्हणतात. आपला नंबर आला की शिपाई दारात येऊन पक्षकारांची नावं मोठ्यानं पुकारतो. तो पुकारा. माझ्या पोटाला पुकाऱ्याची भाषा कळायची. अलीकडच्या प्रकरणाचा पुकारा झाला की बेंबीभोवती पीळ पडायला लागायचा, आणि आमचा होईपर्यंत मी कोर्टात नसायचेच. खारघर ते पनवेल रस्त्यावरचा कुठला पेट्रोल पंप स्वच्छ आणि कुठला नाही, हे मी झोपेत सांगितलं असतं. कर्नाळ्याला मैत्रिणी पक्षी बघायला गेल्या तेव्हा मी घरी राहिले, कारण अभयारण्यात झाडं भरपूर असली तरी मला हवी ती सोय कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. सकाळी काही खायचं नाही, दुपारी नुसता ताकभात, चहा सोडला, तिखट सोडलं, गहू सोडला. एवढं सोडूनही पोट मला सोडत नव्हतं.

सरांकडे यायच्या आधी मी एका दुसऱ्या वकिलांकडे होते. तिथे एकदा मी आत बसलेली असताना बाहेर पुकारा झाला. कडी काढून धावत येईपर्यंत आमचा अर्ज गैरहजेरीत निकाली निघाला होता. तो पुन्हा फाईलवर घ्यायला त्या म्हाताऱ्या अशिलाला चार महिने खेटे घालावे लागले. मी कारण सांगितलं, गाडी पंक्चर झाली. ते खोटं मला त्या दुखण्याहून जास्त लागलं.

पप्पांचं म्हणणं सरळ होतं. खारघरच्याच एका कंपनीत करारपत्रं तपासायची नोकरी होती. बसून काम, उभं राहायचं नाही, कुणी पुकारणार नाही. "तब्येत बघून करिअर निवडावं," ते म्हणायचे, आणि ते प्रेमानंच म्हणायचे. पण मला उभं राहायचं होतं. शाळेत असल्यापासून मला दुसऱ्याची बाजू घेऊन भांडायला आवडायचं. आणि पोटापाण्याच्या मार्गात पोटच आडवं यावं, याचा मला भयंकर राग यायचा.

सरांनी माझी कहाणी ऐकली आणि एक चिठ्ठी लिहून दिली. डॉक्टरांच्या नावाची. "आधी हे. मी वकील हाय, वैदू नाय. रक्त, सोनोग्राफी, जे सांगतील ते सगळं कर. आतमध्ये खरंच काय असेल तर माझ्या बडबडीनं ते जानार नाय."

मी सगळं केलं. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटेपालटे करून पाहिले आणि सांगितलं, आतड्याला जखम नाही, सूज नाही, पण दुखणं खोटं नाही. डोकं आणि आतडी दिवसभर एकमेकांशी बोलत असतात, तुमच्या बाबतीत ते बोलणं जरा चढ्या आवाजात चाललंय. औषधाच्या गोळ्या दिल्या, वेळेवर जेवा म्हणाले, उपाशी राहू नका म्हणाले, आणि ताण कमी करा म्हणाले. हे शेवटचं सगळेच म्हणतात आणि तिथेच चिठ्ठी संपते. ताण काय फाईल आहे, उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवायला?

सरांच्या मते, होती.

त्यांचं जेवण बरोबर दीडला. डबा उघडण्याआधी टेबलावरच्या सगळ्या फायली एकावर एक रचायच्या आणि त्यांच्यावर टॉवेल झाकायचा. "त्यांनी बघितलं का घास वाकडा जातो," असं त्यांचं शास्त्र. मोबाइल कपाटात. मग तांदळाची भाकरी, वालाची भाजी नाहीतर सुकट, आणि एकेक घास असा सावकाश चावायचा, की समोर बसलेल्याला आपण गिळलेलं आठवून लाज वाटावी. मी डबा सात मिनिटांत संपवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या रिकाम्या डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोन मागं लागलंय गो?"

एकदा त्यांचा युक्तिवाद मधल्या सुट्टीच्या तोंडावर आला. न्यायाधीश म्हणाले, चला, आटपून घेऊ. सर हात जोडून उभे राहिले आणि इस्त्रीच्या मराठीत म्हणाले, "साहेब, उपाशी माणूस न्याय देतो, पण चिडून देतो. माझ्या अशिलाला ते परवडणार नाही." न्यायाधीश हसले आणि सुट्टीनंतरची वेळ दिली. हे धाडस त्यांनाच शोभायचं. आम्ही असलं बोललो असतो तर आमची वरात निघाली असती.

हे सगळं खूळ त्यांना जन्मजात नव्हतं. चाळिशीत गावच्या जमिनीचा एक दावा ते वर्षानुवर्षं लढले. उभ्यानं वडापाव, दिवसाला पंधरा चहा, आणि घरी गेल्यावर दारात बसलेले गावकरी. एका दुपारी कोर्टाच्या पायरीवर त्यांना रक्ताची उलटी झाली. अल्सर फुटला होता. इस्पितळातून घरी आले तेव्हा शेजारच्या एका निवृत्त नर्सबाईंनी त्यांचा ताबा घेतला. बाई बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. पोरं इस्रायलला गेली, पण त्या पनवेल सोडायला तयार नव्हत्या. औषधं वेळेवर गिळायला लावायच्या त्याच, आणि श्वास घ्यायलाही त्यांनीच शिकवला. सरांना आडवं करून पोटावर पुस्तक ठेवायचं. श्वास घेताना पुस्तक वर गेलं पाहिजे, छाती नाही. सोडताना घेतल्याच्या दुप्पट वेळ. या बाई शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत चूलसुद्धा पेटवत नसत. सर म्हणायचे, "बरा झालो तो गोल्यांनी. पन बरा राहिलो तो तिच्या शनिवारानं." तेव्हापासून शनिवारी दुपारनंतर ते फाईल उघडत नसत. मग मुख्यमंत्री येवोत.

घरातल्या पुस्तकाची जागा पुढे कार्यालयात महसूल कायद्याच्या जाडजूड ग्रंथानं घेतली. रोज सव्वादहाला, कोर्टात जायच्या आधी, सर लाकडी बाकावर उताणे पडत आणि तो ग्रंथ पोटावर ठेवून डोळे मिटत. नवीन अशील जिना चढून यायचा, बघायचा, आणि कारकून काकांना हळूच विचारायचा, "वकीलसाहेब गेले का काय?" काका टाइप करता करता सांगायचे, "नाही, कायदा वर-खाली होतोय, बघा की."

मला त्यांनी आतल्या खोलीत सतरंजी टाकून दिली आणि भाडेकरू कायद्याचं पातळसं पुस्तक दिलं. ज्युनियरला हलकं. पहिले आठ दिवस पुस्तक हललंच नाही. माझा श्वास गळ्याच्या खाली उतरतच नव्हता. मला ते सगळं हास्यास्पद वाटायचं, पाचव्या मिनिटाला घामोळ्यांची, सहाव्या मिनिटाला बोर्डाची आठवण यायची. पण मी हट्टी आहे. पोटानं दोन वर्षं माझ्यावर राज्य केलं होतं, मी त्याला दोन महिने द्यायला तयार होते. रोज सव्वादहा, रोज दहा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात एकदा पुस्तक घसरून सतरंजीवर पडलं आणि मी बाहेर ओरडले, "सर, पडलं!" बाहेरून आवाज आला, "अभिनंदन! आता जाड घे!"

"सगळ्यांना तारीख दे," ते मला सांगायचे, "पोटाला तारीख देऊ नको." भूक लागली की जेव, जायचं असेल तर जा, रडायला आलं तर रड, उद्यावर टाकलंस तर ते व्याजासकट वसूल करतं. अशिलालाही ते बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच विचारत, "पोट साफ हाय का?" यावरून एकदा मोठीच गंमत झाली. एक गृहस्थ वडिलोपार्जित जागेची वाटणी करून घ्यायला आले होते. कागद चोख, सह्या चोख. सर म्हणाले, "ते राहू दे. आधी सांगा, पोट साफ हाय का?" गृहस्थांचा चेहरा पडला. मग एकदम म्हणाले, "नाय साहेब. बहिणीची सही मीच केलीय. तुमाला कसा कललं?" सर माझ्याकडे बघायला लागले आणि मी खिडकीबाहेर. त्यांनी त्या गृहस्थांना बहिणीला घेऊन या म्हणून परत पाठवलं. पंधरा दिवसांनी दोघं बहीणभाऊ आले आणि वाटणी तिघांत झाली, आईसकट. त्यानंतर पंचक्रोशीत बोलवा झाली, की या वकिलासमोर खोटं चालत नाही, तो पोटातलं ओळखतो.

माझ्या पोटातलं मात्र त्यांना ओळखता आलं नाही. ते मला स्वतःच शोधावं लागलं.

कोर्टात प्रत्येक तारखेला काय घडलं याची नोंद होते, तिला रोजनामा म्हणतात. सरांनी मला वही देऊन पोटाचा रोजनामा लिहायला लावला. काय खाल्लं, कुठे होते, मनात काय होतं, कळ कधी आली. मी सहा आठवडे इमानेइतबारे लिहिलं. सुरुवातीला वाटलं, दोष दुधाचा निघेल नाहीतर वांग्याचा. पण वांगी निर्दोष सुटली. श्वासाला आणि वेळेवरच्या जेवणाला सुरुवात केल्यापासून एकंदर दुखणं निम्म्यावर आलं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. आणि उरलेल्या निम्म्याची तारीखवार यादी केली तेव्हा ती मी दोनदा ताडून पाहिली. ज्या दिवशी मी एकटी कोर्टात उभी राहिले होते, त्या दिवशी कळ आली तरी थांबवता आली होती. जोरात आली होती ती नेमकी ज्या दिवशी सर माझ्या मागच्या खुर्चीवर येऊन बसले होते त्या दिवशी. प्रत्येक वेळी. एकही अपवाद नाही.

त्यांना ते फार आवडायचं. ज्युनियर बोलायला उभी राहिली की मागे बसायचं, मान डोलवायची, आणि नंतर जिन्यावर पाठीत थाप मारायची. आता मी त्यांना काय सांगू? की तुम्ही शिकवलंत त्यानंच कळलं, माझं पोट तुमच्यामुळे बिघडतं म्हणून? मी वही तीन दिवस पिशवीतून काढलीच नाही. चौथ्या दिवशी त्यांनीच मागितली.

त्यांनी ती शांतपणे वाचली. शेवटच्या पानावर मी काहीच लिहिलं नव्हतं, पण वकिलाला तारखा वाचता येतात. वही मिटून त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली.

"माझी भीती वाटते तुला?"

"तुमची नाही, सर. तुमच्यासमोर चुकायची."

"ते एकच हाय," ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला, जो अजिबात मळलेला नव्हता. "बरं. यापुढं मी आत येनार नाय."

मला रडू आलं. मी ते उद्यावर टाकलं नाही.

त्यानंतर दहाच दिवसांत, एका शुक्रवारी, एक प्रकरण बोर्डावर लागलं. खाडीकाठच्या एका कोळीणबाईंचं. नवरा गेलेला, मुलगी सासरी. घराच्या ओट्यावरून खाडीवर उतरणारी एक वाट, तिच्यावरून त्या पंचवीस वर्षं जाळी आणि टोपल्या नेत होत्या. पुतण्यानं त्या वाटेवर भिंत घालायला सुरुवात केली होती. भिंत पूर्ण झाली की खाडीवर जायला गावाला वळसा, आणि ओल्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन त्या वयात तो वळसा म्हणजे धंदा बंद. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर भिंतीचं काम थांबवा, असा आमचा अर्ज. समोर पुतण्याचे वकील, तीस वर्षं मुरलेले, आवाज असा की शेजारच्या कोर्टातलं कामकाज थांबावं.

आणि पुढच्याच सोमवारी मला खारघरच्या त्या कंपनीला होकार किंवा नकार कळवायचा होता. मी घरी सांगून टाकलं होतं, शुक्रवारी मला उभं राहता आलं तर कोर्ट, पळून गेले तर कंपनी. पप्पांनी विचारलं, "हा काय जुगार आहे?" मी म्हटलं, जुगार नाही, निकाल आहे, आणि तो मला हवाय.

शुक्रवारी सकाळी मी उपमा खाल्ला, सावकाश. सव्वादहाला जाड पुस्तक पोटावर घेतलं. सर मला जिन्यापर्यंत सोडायला आले. नुसते म्हणाले, "मी इथंच हाय, खुर्चीत," आणि आत वळले. कोळीणबाई खाली उभ्या होत्या, हिरवं लुगडं, केसात अबोली. मला बघून म्हणाल्या, "तू एकटीच? साहेब नाय येत?"

"नाही. मीच आहे."

"बरा, चल," त्या म्हणाल्या. "मी पन एकटीच जाते खाडीवर."

आमच्या अलीकडचा पुकारा झाला आणि पीळ पडला. मी पायाचे तळवे जमिनीला टेकले, श्वास पोटात घेतला, लांब सोडला. पुन्हा घेतला. पीळ सैल झाला, पण गेला नाही. मग आमचा पुकारा झाला. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि अशी कळ आली की टेबलाची कड धरावी लागली. दोन वर्षांत शंभरदा केलं होतं ते पुन्हा करायला पाय दाराकडे वळतच होते. मागे कोळीणबाईंच्या बांगड्या वाजल्या. मला पंक्चर झालेली गाडी आठवली आणि माझ्याच खोटेपणाचा मला वीट आला.

मी म्हणाले, "मॅडम, माझ्या पोटात कळ आली आहे. मला पाच मिनिटं हवीत. मी परत येऊन युक्तिवाद करणार आहे."

स्वतःच्या कानांवर माझा विश्वास बसेना. समोरचे वकील गालात हसले. न्यायाधीश बाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "दहा घ्या," त्या म्हणाल्या. "तोवर मी पुढचं प्रकरण ऐकते. हे मागे ठेवा."

मी बाहेर पडून कोपऱ्यावरच्या स्वच्छतागृहात गेले, कडी लावली आणि बसले. काहीच झालं नाही. कळ ओसरून गेली होती. दोन वर्षं मी जे लपवायला धावत होते ते भर कोर्टात सांगून आले होते, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. मी बसल्या बसल्या हसायलाच लागले. बाहेर हात धुणाऱ्या एका बाईंनी दार ठोठावून विचारलं, "अहो, बरं वाटतंय ना?" म्हटलं, "फार!"

परत गेले आणि वीस मिनिटं बोलले. गावनकाशा दाखवला, वाटेचे फोटो दाखवले, अर्धवट भिंतीचे दाखवले. समोरचे वकील गरजले तेव्हा पोटात हललं, पण ते आपलं नेहमीचं हललं. मी त्याला थांब म्हटलं नाही आणि त्यानंही मला अडवलं नाही. एके ठिकाणी मी तारीख चुकले. "माफ करा, मॅडम, दुरुस्त करते," म्हटलं आणि पुढे गेले. शेवटी न्यायाधीश बाईंनी आदेश सांगितला. पुढच्या तारखेपर्यंत जैसे थे. भिंतीवर एक वीटही चढवायची नाही.

बाहेर आल्यावर कोळीणबाईंनी विचारलं, "म्हंजे आता?"

"भिंत आहे तेवढीच राहील. निकाल लागेपर्यंत."

"गुडघ्याएवढीच हाय," त्यांनी हिशेब केला. "टोपली घेऊन वलांडीन मी." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्या बाजाराच्या दिशेनं निघाल्यासुद्धा. शुक्रवार होता, गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. खुर्ची रिकामी होती. पंखा दोनवर, म्हणजे बंदच. एवढ्या महत्त्वाच्या दिवशी सर गेले कुठे, मला कळेना. मनात आलं, रुसले. मागे बसू दिलं नाही म्हणून निघून गेले.

"सर कुठायत?" मी कारकून काकांना विचारलं.

काकांनी टाइपरायटरवरून मान वर केली नाही. हनुवटीनं मागच्या दाराकडे दाखवलं. खिळ्यावर किल्ली नव्हती.

"तुम्ही कोर्टात गेल्यापासून ही पाचवी खेप," काका म्हणाले. "दीड वाजून गेला तरी डबासुद्धा उघडला नाही. मी म्हटलं, जाऊन बसा ना कोर्टात मागे. म्हणाले, नाय, तिला शब्द दिलाय."

तेवढ्यात कडी वाजली. सर बाहेर आले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, पट्टा हातात. मला बघून ते थबकले. पोटावर ग्रंथ ठेवणारा, न्यायाधीशाला जेवणाची वेळ सांगणारा हा माणूस दाराची चौकट धरून उभा होता आणि मला काही विचारायची त्याची हिंमत होत नव्हती.

"जैसे थे मिळालं, सर," मी म्हणाले.

ते जागच्या जागी बाकावर बसले. मान खाली घालून पट्टा कमरेत ओवायला लागले. "बरा झाला," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा एकदा, "बरा झाला गो."

मी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. माझ्यासाठी काळजी करणारे आईवडील होते, मैत्रिणी होत्या, डॉक्टर होते. पण माझ्यासाठी कुणाचं पोट एवढं बिघडलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.